आंडाळ आणि अंबाळ

दोन गोष्टी सारख्या की निराळ्या, हे कोणाच्या दृष्टीने ठरवावे? जाणत्याच्या की नेणत्याच्या? प्रश्न तत्त्वचिंतकांचा वाटतो खरा. परंतु १९६९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे तो तपकिरीच्या निमित्ताने उभा राहिला.

मद्रासच्या एका पेढीचे व्यापारचिन्ह ‘श्री अंबाळ’ होते. पृथ्वीगोलावर बसलेल्या देवीचे चित्र आणि तिचे नाव. दुसऱ्या एका व्यापाऱ्याने देवीच्याच निराळ्या चित्रासह ‘श्री आंडाळ’ हे चिन्ह नोंदवू मागितले. त्याचा युक्तिवाद बिनतोड भासावा असा होता. अंबाळ ही शिवपत्नी. आंडाळ ही श्रीविल्लिपुत्तूरची वैष्णव संत, लक्ष्मीचा अवतार मानलेली. हिंदू मनाचा येथे घोटाळा व्हावा कसा? कवळ्याची शांतादुर्गा कोणती आणि फातर्प्याची शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण कोणती, हे गोमंतकातील भाविकाला का शिकवावे लागते? निबंधकांनाही ही चिन्हे पुरेशी भिन्न वाटली.

मद्रास उच्च न्यायालयाने आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्यांतील साम्य फसगत करणारे ठरविले. तपकीर घेणारे सगळेच हिंदू नसतात, दाक्षिणात्यही नसतात. गिऱ्हाईक दोन डब्या शेजारी मांडून ताडून पाहत नाही. त्याच्या स्मरणात उरते ती एका सौम्य देवीची पुसट आकृती आणि नावाचा नाद. चित्रे कितीही निराळी असोत, दुकानाच्या पायरीवर उभे राहून नाव उच्चारताच ती एकमेकींजवळ येतात.

येथे एक शंका मनाला टोचते. देवीचे नाव ही कोणा व्यापाऱ्याची मिरास आहे काय? माझ्या मते नाही. देवळात, ग्रंथात, घरच्या लेकीला हाक मारताना ते नाव सर्वांचे आहे आणि राहील. येथे राखला गेला तो एका डबीवर बसलेला गिऱ्हाइकाचा विश्वास. तो त्या पेढीने मालाच्या बळावर मिळविलेला असतो. दुसऱ्याने तो नादसाम्याच्या वाटेने नेऊ नये, एवढेच.

आणि फसविण्याचा हेतू नसला तर? तरीही प्रश्न मिटत नाही. कारण येथे पाहावयाचा तो परिणाम. ‘मी खोटे बोललो नाही’ एवढ्यावर आपण बहुधा समाधान मानतो. परंतु आपल्या शब्दाने समोरच्याच्या मनात काय ठसेल, याचीही जबाबदारी बोलणाऱ्यावर असते. आणि ऐकणारा जितका नेणता, तितकी ती अधिक. उपासनेत सूक्ष्म भेद जाणणे हे ज्ञान होय. बाजारात त्याच ज्ञानाच्या आड उभे राहून नेणत्याला चुकू देणे हा धर्म नव्हे.