बालकाचा प्रश्न आणि वडिलांचे उत्तर

बालकाने तत्त्वाचा प्रश्न विचारला असता वडीलधारी मंडळी बहुधा दोन मार्गांपैकी एक स्वीकारतात. ‘मोठा झालास म्हणजे कळेल’ असे म्हणून प्रश्न पुढे ढकलतात, किंवा स्वतःस ठाऊक असलेले उत्तर देऊन तो मिटवितात. पहिल्या मार्गात प्रश्नाची उपेक्षा होते हे उघडच आहे. दुसऱ्या मार्गातही विचाराचे काम बालकाकडून काढून घेतले जाते, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही.

कठोपनिषदातील नचिकेता हा बालकच होता. पिता वठलेल्या गायी दान देत आहे हे पाहून ‘मला कोणास देणार?’ असे तो पुनःपुन्हा विचारतो आणि क्रोधाविष्ट पिता त्यास मृत्यूस देऊन टाकतो. तो प्रश्न उद्धट नव्हता. दानातील वैगुण्यावर त्याने नेमके बोट ठेवले होते. बालकाचा प्रश्न पुष्कळदा अप्रिय होतो तो निरर्थक असतो म्हणून नव्हे, तर वर्मी लागतो म्हणून.

यावर एक पूर्वपक्ष आहे. प्लेटोने ‘रिपब्लिक’ ग्रंथाच्या सातव्या भागात म्हटले आहे की, कोवळ्या वयात वादविद्या हाती आल्यास तरुण तिचा खेळ करतात, कुत्र्याच्या पिलांप्रमाणे समोर येईल त्याचे लचके तोडतात आणि शेवटी त्यांचा कशावरच विश्वास उरत नाही. म्हणून तीस वर्षांपूर्वी ही विद्या देऊ नये. हा आक्षेप हलका नाही.

याच्या उलट अनुभव कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मॅथ्यू लिपमन (१९२३–२०१०) यांचा होता. महाविद्यालयात विवेक शिकविण्यास उशीर झालेला असतो, असे त्यांना दिसून आले. म्हणून त्यांनी शाळकरी मुलांसाठी एक कथा रचली आणि १९७४ साली अमेरिकेतील मॉन्टक्लेअर येथे या कार्यासाठी संस्था स्थापिली. त्या कथेतील मुलगा वर्गात चुकतो. सर्व ग्रह सूर्याभोवती फिरतात; तेव्हा सूर्याभोवती फिरणारा धूमकेतूही ग्रहच, असे तो म्हणतो. पुढे ‘सर्व’ने आरंभ होणारे वाक्य उलटविले तर ते खरे राहीलच असे नाही, हा नियम तो मित्रांसह स्वतः शोधून काढतो. येथे वाद जिंकण्यासाठी नाही. कारण द्यावयाचे, दुसऱ्याचे ऐकावयाचे, आणि चूक दिसल्यास मत सोडावयाचे, अशी त्याची मर्यादा आहे. प्लेटोस भय होते ते या मर्यादेवाचूनच्या वादाचे. शिवाय ज्याने कारण कधी तपासलेच नाही, त्याची श्रद्धाच पहिल्या प्रतिवादाने ढासळते.

दृष्टांतपाठातील सूत्र, दृष्टांत व दार्ष्टांतिक हा क्रम या दृष्टीने मननीय आहे. जात्यंधांचा व हत्तीचा दृष्टांत मुलांस सांगितल्यावर दार्ष्टांतिक सांगण्याची घाई करू नये. ‘प्रत्येकाचा स्पर्श खरा होता; मग चुकले काय?’ असे विचारून थांबावे. कोणी म्हणेल, त्यांनी खोटे सांगितले. दुसरा म्हणेल, खोटे नव्हे, अपुरे सांगितले. खोटे आणि अपुरे यांतील भेद मुलास स्वतःस सापडला, म्हणजे दार्ष्टांतिक ऐकण्यास तो अधिकारी झाला.

किशोरवयात प्रश्न अधिक बिकट होतात. मित्राचे गुपित राखण्याचे वचन दिले. पुढे त्याच गुपितामुळे मित्राच्या जिवास धोका आहे असे कळले, तर वचन पाळावे की मोडावे? येथे ‘वचन पाळावे’ एवढेच सांगून भागत नाही. वचन कोणाच्या हितासाठी असते, हे मुलाबरोबर बसून शोधावे लागते. त्यात वडिलांचीही कसोटी लागते. मुलाने दिलेले कारण खरे ठरल्यास ते मान्य करण्याची तयारी नसेल, तर विचारलेला प्रश्न ही केवळ परीक्षा होय. मुलास हा भेद तत्काळ कळतो, आणि पुढचा प्रश्न तो घरी विचारीत नाही.