प्रसिद्धी कोणासाठी?

कायद्याचे अज्ञान ही सबब न्यायालयात चालत नाही, हे आम्हां वकिलांचे पहिले पाठांतर. या नियमाची दुसरी बाजू मात्र सहसा कोणी सांगत नाही. जो कायदा लोकांपुढे मांडलाच नाही, तो लोकांना बांधीतही नाही. जयपूर संस्थानाच्या मंत्रिमंडळाने 1923 साली अफूविषयी एक कायदा संमत केला, पण तो कोठेही प्रसिद्ध केला नाही. पुढे त्याखाली एका इसमास शिक्षा झाली; सर्वोच्च न्यायालयाने 1951 साली ती रद्द केली.

मग प्रसिद्धी कशास म्हणावयाचे? आज अधिसूचना, अर्ज, निकाल संकेतस्थळांवर येतात. अंध मनुष्य ती पाने कानांनी वाचतो; संगणकातील वाचक-प्रणाली पडद्यावरील अक्षरे त्यास उच्चारून दाखविते. एन.व्ही.डी.ए. नावाची अशी प्रणाली 2006 साली एका ऑस्ट्रेलियन अंध तरुणाने रचावयास घेतली. ती विनामूल्य मिळते. साधन आहे, ऐकणाराही आहे. अडते ते पानापाशी. कागदाचे छायाचित्र काढून तेच पान म्हणून चढविले, की प्रणालीच्या लेखी तेथे अक्षरच नसते. मराठीचे दुखणे आणखी निराळे. युनिकोडपूर्व टंकांत पडद्यावर ‘क’ दिसतो, परंतु संगणकाच्या पोटात साठलेले असते भलतेच रोमन अक्षर किंवा चिन्ह. डोळ्यांना शुद्ध मराठी आणि कानांना निव्वळ बरळणे! कोकणी वाचकांस तरी हे निराळे समजावयास नको. त्यांची भाषा देवनागरी, रोमन, कन्नड अशा अनेक लिप्यांतून नांदते. लिपी हे केवळ भाषेचे पात्र आहे, हे ते अनुभवाने जाणतात.

हे सारे अंधांवर दया म्हणून सुधारावे काय? मला तो शब्दच खटकतो. आम्ही सीमाभागातील माणसे सरकारी कागद मराठीतून मागतो, तेव्हा भिक्षा मागत नाही. न कळणारा कागद पुढे सरकवून ‘येथे सही करा’ म्हणणे यात कसला अपमान असतो, हे बेळगाव तालुक्यात कोणास सांगावे लागू नये. आमच्या कडोलीत वर्षानुवर्षे साहित्य संमेलन भरते. मंडपातील अंध श्रोता तेथे इतरांइतकेच ऐकतो. पण गावोगावच्या अशा समारंभांच्या पत्रिका हल्ली चित्ररूपाने फिरतात, आणि खाली दोन ओळी टंकून घालण्याचे कष्ट कोणी घेत नाही. ‘असे वाचक कितीसे?’ हा प्रश्न मी सुशिक्षितांकडून ऐकला आहे. भाषिक अल्पसंख्याकांविषयी हाच हिशेब कोणी मांडला, तर आपण केवढे संतापतो!

कायदा याबाबतीत पुढे गेला आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा 2016 सालचा. त्याखालील सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये ठरविले. आणि एप्रिल 2025 मध्ये डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या 21 व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग मानला.

तरीही एक साधा प्रश्न मनातून जात नाही. एखाद्या अंध पक्षकारास नोटीस ई-मेलने आली, पण छायाचित्र म्हणून. ती त्याच्या संगणकात पोहोचली, उघडलीही, आणि वाचक-प्रणाली गप्प राहिली. उत्तराची मुदत कोणत्या दिवसापासून मोजावयाची?