घसरण्याआधीचा श्लोक आणि घसरल्यानंतरचा



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ५९ आणि अध्याय ६, श्लोक ३७ ते ४३.

आपल्या रोजच्या क्रमाने आज फक्त दुसऱ्या अध्यायातला श्लोक यायचा होता. पण परवा रात्री कॉलेजच्या एका मित्राचा फोन आला, आणि त्याच्या प्रश्नामुळे सहावा अध्यायही उघडावा लागला.

त्याने सात महिन्यांपूर्वी सिगारेट सोडली होती. गेल्या आठवड्यात कोल्हापूरला चुलतभावाचं लग्न होतं. हळदीच्या रात्री सगळे भाऊ गच्चीवर बसले होते, तिथे त्याने एक ओढली. एकच. दुसऱ्या दिवशी तीन झाल्या. पुण्याला परत येईपर्यंत खिशात पाकीट होतं. मला म्हणाला, "सात महिने पाण्यात गेले रे. आता परत सोडायची ताकद नाही माझ्यात. तू रोज एवढं लिहितोस, तुझ्या गीतेत याच्यावर काही आहे का?"

हा प्रश्न मला टाळता येण्यासारखा नव्हता. होस्टेलवर, सेकंड इयरच्या सबमिशनच्या रात्री, त्याला पहिली सिगारेट मीच दिली होती. त्याने ते बोलून दाखवलं नाही. पण फोन ठेवल्यावर मला दुसरं काही सुचेना.

आधी दुसरा अध्याय बघू. श्लोक ५९ चा भावार्थ असा: माणूस उपास करतो, विषय त्याच्यापासून दूर जातात, पण त्यांची गोडी मागे उरते. ती गोडी जाते ती परमतत्त्वाचं दर्शन झाल्यावर. श्लोकात या गोडीला 'रस' म्हटलंय. माउलींनी इथे झाडाचा दाखला दिलाय. वरवर पालवी खुडत राहायची आणि मुळाला पाणी घालत राहायचं, मग झाड मरणार कसं?

मी हा श्लोक पहिल्यांदा वाचला तेव्हा तो मोठमोठ्या तपस्व्यांसाठी असेल असं वाटलं होतं. सिगारेट सोडल्यावर कळलं, हा तर माझाच आहे.

सिगारेट हातातून जाते. निकोटिनही शरीरातून काही दिवसांत निघून जातं. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट असतात: चिडचिड, झोप नाही, कामात लक्ष नाही. तीन-चार आठवड्यांत हे बरंचसं ओसरतं. पण रस उरतो. मेंदूने चहाला सिगारेट जोडलेली असते, जेवणानंतरच्या दहा मिनिटांना जोडलेली असते, बॉसशी झालेल्या वादाला आणि पहिल्या पावसाच्या वासाला जोडलेली असते. ही जोडणी महिनोन् महिने टिकते. आपल्याला वाटतं, सुटली. प्रत्यक्षात फक्त पालवी खुडलेली असते.

आणि याच अध्यायात पुढे ६२ आणि ६३ व्या श्लोकांत ती प्रसिद्ध साखळी येते. विषयाचं चिंतन, त्यातून आसक्ती, त्यातून इच्छा, मग क्रोध, मग मोह, मग स्मृती जाते, मग बुद्धी जाते. यातल्या 'स्मृती जाते' या कडीकडे मी पूर्वी फारसं लक्ष दिलं नव्हतं. घसरायच्या क्षणी नेमकं तेच होतं. झुरक्याची मजा लख्ख आठवते. सकाळचा खोकला, जिने चढताना लागणारी धाप, सोडतानाच्या त्या पहिल्या चार रात्री, यातलं काहीही आठवत नाही.

माझंच सांगतो. मला सोडून ११ महिने झाले होते. मोबाइलच्या अ‍ॅपवर ३३८ दिवस दिसत होते. ३०० दिवस झाले तेव्हा मी त्याचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकला होता, काकांनी 'शाब्बास' लिहिलं होतं. मग एका रात्री आमचं रिलीज फसलं. रोलबॅक करून उठायला पहाटेचे अडीच झाले. टीमबरोबर खाली टपरीवर गेलो. सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे, पण टपरीवर 'एक' मागितली की एकच मिळते, आणि आपल्या मनालाही नेमकी 'एक'च हवी असते. मनाने समजूत काढली: ११ महिने राहिलास ना, तुझा ताबा आहे आता. आज एवढं झालंय, एकाने काय होतंय?

घरी जायच्या आधी साबणाने दोनदा हात धुतले, बडीशेप खाल्ली. पुढचे नऊ दिवस रोज एक-दोन चालू होत्या. यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट सांगू? अ‍ॅपवरचा आकडा मी शून्यावर आणला नाही. तो वाढत राहिला. ३४०, ३४३, ३४७. रोज सकाळी तो खोटा आकडा बघून मी ऑफिसला जायचो आणि संध्याकाळी परत टपरीवर थांबायचो. आता एवढं बिघडलंच आहे तर अजून एकाने काय फरक पडतो, असं वाटायचं.

दहाव्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, "महिनाअखेरीला वर्ष होतंय ना तुला? आईंशी बोललेय मी, त्या दिवशी शिरा करू."

तेव्हा मात्र घास उतरला नाही. सांगून टाकलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "वास आला होता मला. तू कधी सांगतोस ते बघत होते. बरं, आता पुढे काय करायचं ते ठरव."

त्या रात्री सहावा अध्याय वाचला. त्यात अर्जुन एक फार माणसासारखा प्रश्न विचारतो. श्रद्धा आहे, पण प्रयत्न पुरा पडला नाही, मन योगापासून ढळलं, अशा माणसाचं काय होतं? तो फाटलेल्या ढगासारखा ना इकडचा ना तिकडचा होऊन विरून जातो का? भगवंत त्याला 'तात' म्हणून हाक मारतात, आपण 'बाळा' म्हणावं तसं, आणि सांगतात की चांगलं करणाऱ्या कुणाचीही दुर्गती होत नाही. पुढे ४३ व्या श्लोकात तर म्हणतात, त्याने आधी कमावलेली समज त्याला पुन्हा मिळते आणि तो तिथून पुढे प्रयत्नाला लागतो.

माझ्या कामाच्या भाषेत बोलायचं तर अ‍ॅप म्हणतं शून्यापासून सुरू कर, आणि भगवंत म्हणतात शेवटच्या चेकपॉइंटपासून सुरू कर. ३३८ दिवस सिगारेटशिवाय चहा प्यायलो होतो, सिगारेटशिवाय भांडलो होतो, सिगारेटशिवाय डेडलाइन गाठल्या होत्या. ती शिकलेली गोष्ट नऊ दिवसांत पुसली जात नाही.

आता खरा प्रश्न येतो. कुणी म्हणेल, हे तर सोयीचं झालं! घसरलं तरी दुर्गती नाही, मग घसरायला काय हरकत आहे? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. देवाच्या क्षमेचा असा हिशेब करणं मला चुकीचं वाटत होतं, पण का चुकीचं, ते सांगता येत नव्हतं.

हळूहळू लक्षात आलं की या दोन श्लोकांची वेळ वेगवेगळी आहे. अर्जुनाचा सहाव्या अध्यायातला प्रश्न आधीच ढळलेल्या माणसाबद्दल आहे. 'उद्या ढळलो तर चालेल का' असं तो विचारत नाही. म्हणजे हे अभयाचे श्लोक घसरल्यानंतरचे आहेत. घसरण्याआधी वाचायचा श्लोक दुसऱ्या अध्यायातला: सावध राहा, रस उरलाय. आपलं मन नेमकी यांची अदलाबदल करतं. टपरीसमोर उभं असताना ते फार दयाळू होतं, 'एकाने काय होतंय' म्हणतं. आणि एक ओढून झाली की तेच मन अतिशय कठोर होतं, 'तू संपलास, सगळं पाण्यात गेलं' म्हणतं. जिथे कडक व्हायचं तिथे दया, जिथे दया हवी तिथे कडकपणा. आणि दोन्ही वेळेला निष्कर्ष एकच निघतो: अजून एक ओढ.

हे फक्त माझं निरीक्षण नाही. अ‍ॅलन मार्लाट आणि ज्युडिथ गॉर्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये 'रिलॅप्स प्रिव्हेन्शन' या पुस्तकात हेच मांडलं. त्यांनी एकदा पाय घसरणं आणि पूर्ण मागे जाणं या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एकदा घसरलेला माणूस पूर्ण मागे जातो त्यात निकोटिनचा वाटा असतोच, पण 'मी कमजोर आहे, माझ्याने होणारच नाही' या स्वतःवर ओढलेल्या शिक्क्याचाही मोठा वाटा असतो. हे वाचलं तेव्हा मला त्या नऊ दिवसांचा उलगडा झाला. पहिली सिगारेट रिलीजच्या ताणाने ओढली. बाकीच्या बऱ्याचशा लाजेने आणि लपवण्याने ओढल्या.

म्हणून घसरल्यावर पाळायचा धर्म मला तरी एवढाच कळतो: त्याच दिवशी खरं बोलायचं. शिक्षा म्हणून नव्हे. लपवलेली एक सिगारेट दुसरीला जागा करून देते, म्हणून.

मित्राला काल मी काय सांगितलं ते इथेही लिहितो, कुणाच्या उपयोगी पडेल.

पहिलं, आपला रस कुठे दडलाय ते लिहून काढ. तुझा भावंडांच्या मैफलीत आणि ग्लासात आहे, माझा रात्रीच्या कामात. पुढच्या लग्नाला जाण्याआधीच ठरव की गच्चीवर कोण सोबत असेल आणि तू काय म्हणशील. पहिले काही महिने गच्चीवर गेलाच नाहीस तरी कुणाचं काही बिघडत नाही.

दुसरं, तलफ लाटेसारखी येते आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत ओसरते. माझी नामाची एक माळ साधारण पाच-सहा मिनिटांत होते. तलफ आली की मी जागा बदलतो आणि एक माळ करतो. माळ संपेपर्यंत निर्णय घ्यायचा नाही, एवढाच नियम.

तिसरं, नाम आहे म्हणून औषध नको असं म्हणू नकोस. डॉक्टरांना विचार. निकोटिनचं च्युइंग गम, पॅच, गोळ्या यांचा खरंच उपयोग होतो, आणि ते घेण्यात श्रद्धा कमी पडत नाही. सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. तो नंबर पाकिटावरच छापलेला असतो. आपण इतकी वर्षं पाकीट उघडलं, पण तो वाचला नाही.

चौथं, आजच घरी सांग.

तो विचारत होता, "आणि हा रस कधी जाणार?" श्लोकात उत्तर आहे, परमतत्त्व दिसल्यावर. मला ते दिसलेलं नाही, उगाच मोठेपणा कशाला घेऊ. पण गेल्या वर्षी माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चाललो. दिवे घाटात टाळ-मृदंगाच्या गजरात, घामाने भिजून, धाप न लागता वर पोचलो, आणि रात्री अंग टाकताना लक्षात आलं की दिवसभरात एकदाही सिगारेटची आठवण झाली नव्हती. दाबून ठेवावी लागली नाही, आठवलीच नाही. त्या एका दिवसापुरता श्लोकाचा दुसरा अर्धा भाग खरा वाटला. मोठी गोडी मिळाली की लहान गोडी आपोआप मागे पडते. दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये तलफ परत आलीच. पण तिच्याहून गोड काही असतं हे एकदा कळलं, ते कळलंच.

त्या नऊ दिवसांना आता दोन वर्षं होऊन गेली. अ‍ॅप काढून टाकलंय. कुणी विचारलं तर 'सुटली' म्हणत नाही, 'आज ओढली नाही' म्हणतो. घरात वर्षाचा शिरा झाला, पण एक वर्ष उशिरा.

आजचं चिंतन: मी माझ्यावर कुठे दया करतोय आणि कुठे कठोर होतोय? त्यांची वेळ चुकत तर नाही ना?

आजची प्रार्थना: पांडुरंगा, मोहाच्या क्षणी मला माझी आठवण राहू दे, आणि चुकल्यावर मला तुझी. ज्याला मी पहिली सिगारेट दिली, त्याला आता सोडायला हात द्यायची बुद्धी आणि चिकाटी मला दे.

आज रात्री नऊला त्याला फोन करायचा आहे. रोज करायचं ठरलंय.

राम कृष्ण हरी.