मनानें आजारी मनुष्य आणि त्याची बंदूक

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यांत बंदूक ही बहुधा चैनीची वस्तु नसते; ती शेताची राखण असते. भात पोटरीस आलें कीं रानडुकरें उतरतात, माकडें बागा उजाड करितात. त्यांना आवाजानें तरी पळवून लावावें म्हणून शेतसंरक्षणाचा परवाना काढून कित्येक घरांनीं ठासणीची बंदूक बापापासून मुलापर्यंत जपून ठेविली आहे. तिजबरोबर घराची पतही चालत आली आहे. १८७८ च्या कायद्यानें या देशांतील मनुष्यास परवान्यावांचून शस्त्र बाळगण्याची बंदी झाली, आणि युरोपियनांना मात्र त्यांतून सूट राहिली. तेव्हांपासून परवाना म्हणजे सरकारदरबारीं मिळालेला मान, अशी समजूत लोकांच्या मनांत रुजली. म्हणून परवाना गेला कीं गांव विचारतें, ‘याची अब्रू कशानें गेली?’

आतां अशा घरांतील कर्ता पुरुष मनानें आजारी झाला, आणि त्या कारणास्तव त्याचा परवाना रद्द झाला, तर तें न्याय्य आहे काय? आणि त्या प्रसंगीं ख्रिस्ती मंडळीचें कर्तव्य काय? हा प्रश्न आपल्या वाड्यावस्त्यांत खरोखर उद्भवण्यासारखा आहे. म्हणून आपण त्याचा शांतपणें विचार करूं.

प्रथम कायदा पाहूं. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणें, परवानेदार विकल मनाचा आहे किंवा अन्य कारणानें शस्त्र बाळगण्यास अयोग्य आहे अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली, तर तो परवाना तहकूब किंवा रद्द करूं शकतो. मग बंदूक विलंब न लावितां जवळच्या पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. अधिकाऱ्यानें आपल्या हुकमाचीं कारणें लिहून ठेवावींत असा नियम आहे, आणि त्या हुकमावर मुदतींत अपीलही करितां येतें. २०१६ च्या नियमांप्रमाणें परवाना मागणाऱ्यास डॉक्टरचा दाखला जोडावा लागतो. त्यांत शरीराबरोबर मनाच्या स्वास्थ्याचाही विचार असतो.

याच्या जोडीस २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे. एखाद्यास मानसिक आजार आहे असें ठरलें, तर तेवढ्यावरूनच तो विकल मनाचा आहे असें समजूं नये, सक्षम न्यायालयानें तसें ठरविलें तरच समजावें, असें तो सांगतो. हे दोन्ही कायदे शेजारीं ठेवून वाचिले म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. ज्याला झोप लागत नाहीं, ज्याचें मन खचलें आहे, जो डॉक्टरचीं औषधें घेतो, असा प्रत्येक मनुष्य सरसकट अयोग्य ठरत नाहीं. त्या एका मनुष्याची आजची स्थिति काय, हें पाहावयाचें असतें.

पवित्र शास्त्रांत शौल राजाची गोष्ट आपण मुलांना शिकवितों. त्याच्या जिवाला तळमळ लागे, तेव्हां दावीद वीणा वाजवी. परंतु वीणा वाजत असतांही राजाच्या हातीं भाला असे. तो भाला त्यानें दाविदावर फेकिला, पुनः फेकिला, आणि पुढें स्वतःच्या पुत्रावर, योनाथानावरही उगारला. त्या दरबारांत सेवक पुष्कळ होते. गाणारा आणावा हें त्यांना सुचलें, पण भाला दूर ठेवावा हें कोणी केलें नाहीं. राजाचा मान राखण्याच्या भरांत त्यांनीं राजाचें हित राखिलें नाहीं. आपणही असेंच करितों. दुखणाइताच्या घरीं जाऊन प्रार्थना करितों, गीत गातों, आणि भिंतीवरील बंदुकीकडे पाहूनही न पाहिल्यासारखें करितों.

फिलिप्पै येथील बंदिशाळेच्या अधिकाऱ्याची हकीकतही आठवावी. त्यानें निराशेच्या एका क्षणीं तरवार उपसली. पौलानें मोठ्यानें ओरडून त्याला थांबविलें. आणि त्याच रात्रीं त्याचा व त्याच्या घराण्याचा बाप्तिस्मा झाला. तो क्षण टळला नसता तर ती सकाळ उजाडली नसती. जिवावर उठणारी लाट पुष्कळ वेळां थोडा वेळ टिकते, आणि त्या वेळांत घातक वस्तु हाताशीं नसली तर मनुष्य वांचतो व पुढें जगतो, हा डॉक्टर लोकांचा आजचा अनुभव आहे. श्रीलंकेंत अत्यंत विषारी कीटकनाशकांवर बंदी घातल्यानंतर, १९९५ पासून पुढच्या वीस वर्षांत आत्महत्यांचें प्रमाण सुमारें सत्तर टक्क्यांनीं उतरलें. तेव्हां बंदूक घेऊन जाणाऱ्या अधिकाऱ्यास शत्रु समजूं नये. घरांतील फवारणीच्या औषधाचा डबाही त्याच वेळीं शेजाऱ्याकडे कुलुपांत ठेवावा.

परंतु या नियमाच्या दोन वाईट छाया आहेत. पहिली भाऊबंदकीची. जमिनीचा तंटा असला कीं ‘तो वेडा आहे’ असें सांगून भावाचा परवाना घालविण्याचा मोह होतो. खोटी साक्ष देऊं नको ही आज्ञा कचेरींतील अर्जालाही लागू आहे. दुसरी छाया भीतीची. परवाना जाईल, नांव जाईल, म्हणून मनुष्य आजार लपवितो. रत्नागिरीचें मनोरुग्णालय १८८६ पासून उभें आहे; परंतु त्याचें नांव आपण थट्टेंत घेतों, आणि मग ज्याला तेथें जाण्याची गरज आहे तो जात नाहीं. ही थट्टा बंद करणें हें मंडळीचें काम आहे.

आतां मुख्य मुद्दा सांगतों. आजाऱ्याची बंदूक काढून घेणें ही शिक्षा नव्हे, ती दया आहे. परंतु दया अर्ध्यावर सोडिली तर ती शिक्षाच होऊन बसते. बंदूक गेली तरी रानडुकरें येतच राहतात. ज्याच्या शेताची राखण आपण काढून घेतली, त्याचें शेत उघडें टाकून आपण घरीं निजलों, तर त्याला आपली दया कशी कळावी? जो समाज हातांतून शस्त्र घेतो, त्यानें त्या हाताचें काम आपल्या शिरावर घेतलें पाहिजे. सरकार बंदूक ठाण्यांत ठेवील. पण रात्रीं माळ्यावर बसून हाकारे घालण्यास सरकार येणार नाहीं. तेथें वाडींतील चार बंधूंनीं पाळी लावावी. कोणी कुंपण घालावें, कोणी तालुक्यास जाऊन पिकाच्या नुकसानीचा अर्ज लिहून द्यावा, कोणी त्याला डॉक्टरकडे सोबत करावी. एकमेकांचीं ओझीं वाहणें याचा अर्थ भाताच्या हंगामांत हाच आहे.

आणि तो बरा झाल्यावर काय? दाविदानें निजलेल्या शौलाच्या उशाचा भाला उचलून नेला, आणि नंतर कोणी येऊन तो घेऊन जावा असें स्वतःच सांगितलें. भाला त्यानें आपलासा केला नाहीं. पण शौलाच्या शब्दावर विसंबून त्याच्या घरींही तो परत गेला नाहीं. परत देणें आणि सावध राहणें हीं दोन्हीं एकत्र नांदूं शकतात. नबुखद्नेस्सर राजाची बुद्धि गेली होती तोंवर त्याच्या झाडाचा बुंधा जमिनींत राखून ठेविला होता. बुद्धि परत आली तेव्हां मंत्री त्याला शोधीत आले. त्याचें दुखणें गर्वाचें फळ होतें. आपल्या शेजाऱ्याचें दुखणें पापाचें फळ आहे असें ठरविण्याचा अधिकार आपणांस नाहीं. जन्मांधाविषयीं प्रभूनें शिष्यांना काय सांगितलें तें विसरूं नये.

म्हणून बऱ्या झालेल्या बंधूस पुनः अर्ज करावयाचा असेल तर करूं द्यावा. त्याच्या मनाचा निर्णय डॉक्टरनें द्यावा. उपदेशकानें आपल्या पाहण्यांतलें तेवढें खरें लिहावें, भिडेस्तव अधिक नको, रागानें उणें नको. परवाना मिळेलच असें नाहीं, आणि कित्येकांना तो न मिळणें हेंच हिताचें असेल. परंतु मंडळींतील त्याचें स्थान परवान्यावर अवलंबून नाहीं. गरसेकरांच्या प्रांतांत बऱ्या झालेल्या मनुष्यास प्रभूनें त्याच्या घरीं, त्याच्या लोकांकडे पाठविलें. त्याला आंत घेणें त्या लोकांकडे होतें. आज तें आपणांकडे आहे.

उपदेशक बंधूंनो, या हंगामांत आपल्या वाडींत असें एखादें घर असेल तर तेथें जा. बंदूक कोठें आहे हें प्रेमानें विचारा. मनाच्या आजारासाठीं सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेली ‘टेली मानस’ ही दूरध्वनीची सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६ हा त्या घरांत लिहून ठेवा. आणि निघण्यापूर्वीं, आज रात्रीं त्यांच्या शेतावर कोण बसणार, हें ठरवून मगच उठा.