सूचकाची सही

लोकसभेला उभं राहणाऱ्याचं नाव देशातल्या कुठल्याही मतदारयादीत असलं तरी चालतं. त्याच्या अर्जावर सही करणारा सूचक मात्र त्याच मतदारसंघाचा मतदार लागतो. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला असा एक पुरतो, अपक्षाला दहा. म्हणजे परक्या गावात मत मागायला आलेल्यानं आधी त्या गावातला ओळखीचा माणूस दाखवायचा, असं कायदाच म्हणतो.

काशीनं या सहीचं केवढं प्रस्थ झालेलं पाहिलं! 24 एप्रिल 2014 रोजी गुजरातचे मुख्यमंत्री असलेले नरेंद्र मोदी इथं अर्ज भरायला आले. एका उमेदवाराला एका मतदारसंघात चारपर्यंत अर्ज भरता येतात, म्हणून सूचकही चार. बनारस हिंदू विद्यापीठाचे संस्थापक पंडित मदनमोहन मालवीय यांचे नातू, निवृत्त न्यायमूर्ती गिरिधर मालवीय. ठुमरी-दादऱ्याचे पंडित छन्नूलाल मिश्र. एक नावाडी आणि एक विणकर. विद्यापीठ, संगीत, गंगा आणि हातमाग. बनारसची एवढी नेटकी ओळख पर्यटन खात्यालाही जमली नसती. बिस्मिल्ला खाँ यांच्या घरच्यांनाही विचारणा झाली होती आणि त्यांनी राजकारणापासून लांब राहणं पसंत केलं, अशा बातम्या त्याच सुमारास आल्या. चार सह्यांइतकीच ती न झालेली सहीही गावात चर्चेची ठरली.

2019 मध्ये सूचकांत डोमराजा जगदीश चौधरी होते. मणिकर्णिकेवर किंवा हरिश्चंद्र घाटावर चिता पेटवायची तर अग्नी डोमांकडून घ्यावा लागतो. लाकडं रचून झालेली असतात, भटजी घाई करत असतात आणि घरातला थोरला मुलगा डोमाशी दक्षिणेची घासाघीस करत उभा असतो. एरवी ज्यांच्या सावलीलाही गावानं जागा दिली नाही, त्यांच्यापुढं त्या क्षणी भल्याभल्यांना हात पसरावा लागतो. त्या घराण्यातला माणूस पंतप्रधानांच्या अर्जावर सही करतो, ही गोष्ट लहान नव्हे. 2024 ला अयोध्येतल्या प्राणप्रतिष्ठेचा मुहूर्त काढणारे गणेश्वरशास्त्री द्रविड आले आणि त्यांच्यासोबत दोन मागासवर्गीय व एक दलित कार्यकर्ता. यात जातींचा हिशेब नव्हता असं कुणी म्हणत असेल तर त्याला निवडणूक ठाऊक नाही. पण हिशेबासाठी का होईना, माणूस पुढच्या रांगेत आला.

आपल्याला तरी यात नवल वाटायला नको. 1674 साली रायगडावर राज्याभिषेक झाला तो काशीच्या गागाभट्टांच्या हस्ते. मावळातल्या रयतेचा विश्वास शिवाजी महाराजांनी त्याआधीच कमावला होता. गागाभट्टांचं नाव हवं होतं ते इतरांसाठी, ज्यांना अजून पटायचं होतं त्यांच्यासाठी. शेजारी उभ्या केलेल्या माणसाचा उपयोग कुंपणावरच्यांना होतो. ज्यांचा विश्वास आहे त्यांना तो लागत नाही, ज्यांचा नाही ते त्याला भुलत नाहीत.

ही झाली उमेदवारानं स्वतः दाखवलेली माणसं. दुसरी असतात ती विरोधकांनी शोधून काढलेली. बराक ओबामांना 2008 मध्ये आपल्या चर्चच्या पाद्र्याच्या जहाल भाषणांबद्दल खुलासे करावे लागले, शेवटी ते चर्चही सोडावं लागलं. अध्यक्ष ते झालेच. त्याच्या आदल्याच वर्षी प्रतिभाताई पाटील राष्ट्रपतिपदाला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या नातेवाइकांवरचे आरोप आणि परवाना रद्द झालेल्या जळगावच्या महिला सहकारी बँकेची प्रकरणं विरोधकांनी चव्हाट्यावर आणली. त्या निवडणुकीत अर्जावर 50 सूचक आणि 50 अनुमोदक लागतात, सगळे आमदार-खासदार; मतदारही तेच. शिवसेना भाजपच्या आघाडीत असूनही त्या आघाडीचा पाठिंबा असलेले उमेदवार भैरोसिंह शेखावत यांना सोडून प्रतिभाताईंच्या मागं उभी राहिली, कारण त्या मराठी. एका नात्याचा डाग दुसऱ्या नात्यानं झाकला गेला. जळगावच्या ठेवीदाराला त्यात मत नव्हतं. असतं तर त्यानं कुठलं नातं धरलं असतं, हे सांगणं मला अवघड वाटतं.

नातेवाइकांवरून माणूस जोखावा का? सरसकट नाही. भाऊ निवडता येत नाही, फोटोत कोण घुसतं ते मोठ्या माणसाला कळतही नाही. विचारायचं ते एवढंच, की या ओळखीतून देणंघेणं काय झालं. पतपेढीच्या कर्जाला जामीन राहिलेल्याच्या पगारातून थकलेला हप्ता कापला जातो. सूचकावर तसली जबाबदारी नसते. तो नाव देतो, पत देतो, आणि उमेदवारानं शब्द फिरवला तर त्याला कुणी नोटीस धाडत नाही. मग वसुली करायची कुणी?

बनारसच्या मल्लाहांनी ती आपल्या परीनं केली. 2018 मध्ये गंगेत अलकनंदा नावाची वातानुकूलित क्रूझ सुरू झाली, तेव्हा पोटावर पाय येणार म्हणून नाविकांनी विरोध केला. चारच वर्षांपूर्वी त्यांच्यातलाच एक जण अर्जावर सूचक होता, याचा मान त्यांना नव्हता असं नाही. पण क्रूझच्या तिकिटाचे पैसे कुणाच्या खिशात जाणार, हे त्यांनी घाटावर उभं राहून विचारलंच.