नचिकेत्याचा हक्क

बंगळूरमधील हेब्बाळच्या तलावाकाठी, जेथे उड्डाणपुलावरून मोटारींचा ओघ अहोरात्र वाहत असतो, तेथे उभे राहिले म्हणजे मला कठोपनिषदातील वाजश्रवसाच्या यज्ञाचे स्मरण होते. ज्यांचे शेवटचे पाणी पिऊन झाले, शेवटचे गवत खाऊन झाले आणि दूधही आटले, अशा गाई तो ब्राह्मणांना देत होता. भोवती बसलेले जाणते ऋत्विज निमूट होते, आणि त्याच्या कुमारवयाच्या मुलाला, नचिकेत्याला, मात्र ते दान पोकळ वाटले. आपल्याला कोणाच्या हवाली करणार, असे त्याने पुनःपुन्हा विचारताच बापाने संतापून त्याला मृत्यूचे नाव सांगितले. (वडीलकीचा हा बाणा आपल्याही घरांत अपरिचित नाही.)

मुलांनी जाब का विचारू नये, तर त्यांना अनुभव नसतो; हा आक्षेप मान्य. परंतु आटलेल्या गाईंचा, किंवा सांडपाणी उतरणाऱ्या अशा तलावाचा, वारसा ज्याच्या पदरी पडायचा, त्याचा जाब विचारण्याचा अधिकार वयाने का मोजावा? कर्नाटक सरकारने २००६ साली ग्रामपंचायतींना मुलांच्या ग्रामसभा भरविण्याचा हुकूम काढला, हे योग्यच झाले. मात्र ती तजवीज पंचायतींपुरती. महानगराच्या हद्दीत सामावलेल्या हेब्बाळमधील मुलांनी तलावात उतरणाऱ्या सांडपाण्याविषयीचा अर्ज कोणत्या कचेरीत दाखल करावा?