अर्धी गोळी

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी धर्मगुरू गावात फिरतात, तेव्हा त्यांच्या सोबतीने आम्हीही काही घरी जात असतो. गेल्या पावसाळ्यात अशाच एका घरी एका आजीबाईंच्या उशाशी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा दिसला. लाल लुगड्यातली, ऐंशी ओलांडलेली ती माउली जन्मभर वाडीत राबलेली. पहाटेच्या गाडीने मुंबईच्या बाजारात भाजीच्या पाट्या नेऊन तिने मुले शिकवली. डब्यात तिच्या गोळ्या होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याच मधोमध तोडलेल्या होत्या. डॉक्टरांनी रोज एक सांगितलेली रक्तदाबाची गोळी ती अर्धीच घेत होती. आम्ही विचारले, तेव्हा एकवार दाराकडे पाहून ती हळूच म्हणाली, "बाबांनो, पोराला सांगू नका. घराचे हप्ते आहेत, नातवंडांची फी आहे. माझे काय, पिकले पान. अर्धीने भागते."

प्रथम आमच्या मनात आदर दाटून आला. केवढा हा त्याग! परंतु परतीच्या वाटेवर एक प्रश्न सोबत आला आणि तो अद्याप गेलेला नाही. हा खरोखरच त्याग आहे काय? की आपण सर्वांनी मिळून केलेल्या अन्यायाला त्यागाचे साजरे नाव देऊन आपण मोकळे होतो?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. कसेही करून, कोणत्याही किमतीवर प्राण टिकवलाच पाहिजे, असे ख्रिस्तसभेची नीतिशिकवण सांगत नाही. पोप पायस बारावे यांनी नोव्हेंबर १९५७ मध्ये डॉक्टरांपुढे बोलताना साधारण आणि असाधारण उपायांमधील भेद स्पष्ट केला होता. जो उपाय स्वतःवर किंवा इतरांवर फार मोठा भार टाकतो, तो असाधारण. तो घेण्यास मनुष्य बांधलेला नाही. साधारण उपाय मात्र त्याने घ्यावा, कारण जीवन ही देवाची ठेव आहे. मग आजीबाई म्हणू शकतील, 'माझ्या कुटुंबाला हा भार पेलत नाही, म्हणून मी तो नाकारते.' त्यांचे काय चुकले?

आमच्या मते चूक त्यांची नाही. चूक त्यांच्या गोळीला 'असाधारण' बनवणाऱ्यांची आहे. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची नेहमीची औषधे काही नवलाची नव्हेत. त्यांतील बहुतेकांचा शोध लागून दशके लोटली, त्यांची पेटंटेही संपली. उपाय स्वभावतः साधारण आहे; बाजार तो महाग करतो, आणि गरिबाच्या दृष्टीने तो असाधारण ठरतो. ज्या ओझ्यामुळे आजीबाईंना नकार देण्याची मोकळीक मिळते, ते ओझे रोगाने लादलेले नसून माणसांनी लादलेले आहे. म्हणून त्यांच्या नकारात स्वातंत्र्य नाही.

हे ओझे कसे तयार होते, ते पाहू. आपल्या देशात एकच औषध अनेक कंपन्या निरनिराळ्या नावांनी विकतात आणि त्यांच्या किमतींत मोठी तफावत असते. जो चिठ्ठी लिहितो तो पैसे देत नाही. जो पैसे देतो तो निवड करीत नाही. बाजारात वांगी महाग वाटली तर आजीबाई पुढच्या पाटीकडे वळतात. औषधाच्या दुकानात तसे वळता येत नाही. १९९५ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार ७४ मूळ औषधांचे नियंत्रण उत्पादनखर्चाच्या हिशेबाने होत असे. २०१३ च्या आदेशाने यादी बरीच लांबली, परंतु कमाल किंमत बाजारभावांच्या सरासरीवरून ठरू लागली. बाजारच चढा असेल तर मर्यादाही चढीच राहणार! ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव लिहावे असा नियम केला आणि त्याच महिन्यात तो स्थगित केला.

काहीच चांगले झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ साली देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के खर्च लोकांच्या खिशातून होत असे. २०२१-२२ साली तो ३९.४ टक्क्यांवर आला. २००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी दुकानांची संख्या २०२५ च्या आरंभी १५ हजारांवर गेली. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले. तथापि ते रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी आहे. आजीबाईंना पक्षाघात झाला तर लाखांची मदत मिळू शकेल; पक्षाघात होऊ नये म्हणून रोज लागणारी गोळी मात्र त्यांनी स्वतःच्या पैशाने आणायची. वाडीत राबणाऱ्याला निवृत्तिवेतन नसते. श्रावणबाळ योजनेत कोणी बसलाच, तर २०२३ पासून महिना १,५०० रुपये मिळतात. त्यांत औषध किती आणि अन्न किती?

देश श्रीमंत झाला की हा प्रश्न आपोआप सुटेल, असे काहींना वाटते. ज्यांची मुले अमेरिकेत स्थायिक झाली आहेत, त्यांनी तिकडची हकीकत जरूर विचारावी. तेथे १९६५ साली वृद्धांसाठी मेडिकेअर योजनेचा कायदा झाला. पण घरी घ्यावयाची बहुतेक औषधे त्या योजनेत यायला २००६ साल उजाडावे लागले. दरम्यान जगातील सर्वांत धनाढ्य राष्ट्राचे म्हातारे नागरिक बसगाड्या करून स्वस्त औषधांसाठी कॅनडाची सीमा ओलांडत होते. पुढे २०२२ च्या कायद्याने मेडिकेअरमधील वृद्धांचा इन्शुलिनवरील खर्च महिना ३५ डॉलरवर रोखला आणि २०२५ साली औषधांवरील त्यांच्या वार्षिक खर्चाला २,००० डॉलरची मर्यादा आली. हे तेच इन्शुलिन, ज्याच्या पेटंटाचे हक्क बँटिंग आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९२३ साली प्रत्येकी एका डॉलरला टोरांटो विद्यापीठाच्या स्वाधीन केले होते! संशोधकांनी जे जवळजवळ दान केले, ते शंभर वर्षांनी परवडावे म्हणून कायदा करावा लागला. याउलट आपल्याकडे राजस्थानने २०११ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषधे देऊन दाखवली. म्हणजे प्रश्न श्रीमंतीपेक्षा इच्छेचा अधिक आहे.

नव्या औषधाच्या संशोधनाला पैसा लागतो आणि त्याचा मोबदला मिळाला पाहिजे, हे आम्हांला मान्य आहे. कामकरी मजुरीस पात्र आहे, असेच बायबलही सांगते. परंतु मोबदल्यालाही सीमा असते. पोप जॉन तेविसावे यांनी १९६३ च्या 'पाचेम इन तेर्रीस' या परिपत्रकात वैद्यकीय उपचार आणि म्हातारपणातील आधार यांची गणना माणसाच्या हक्कांत केली. हक्क आहे म्हणजे ती भीक नव्हे. जो हक्क देतो तो उपकार करीत नाही, ऋण फेडतो.

संत मार्कच्या शुभवर्तमानात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीची कथा आहे. तिने अनेक वैद्यांच्या हातून हाल सोसले, जवळचे सर्व खर्च केले आणि दुखणे अधिकच वाढले, हा तपशील मार्क आवर्जून देतो. प्रभूच्या वस्त्राला शिवणारा तो हात रिकामा झालेला हात होता. त्याच शुभवर्तमानात, दोनच अध्यायांनंतर, येशू परूश्यांना खडसावतो: आईबापांना द्यावयाचे ते 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण, झाले असे सांगून तुम्ही त्यांना वाऱ्यावर सोडता! पवित्र कारणासाठीसुद्धा आईबापांचा वाटा वळवता येत नाही, असा त्याचा रोख आहे.

आणि येथे आमचा स्वतःकडेच अंगुलिनिर्देश आहे. आम्ही वसईकर लग्नात बँड, मंडप आणि जेवणावळी यांवर हात आखडता घेत नाही. आजी निवर्तली की शवपेटीवर फुलांचे ढीग चढतात, महिन्याच्या मिस्सेला पाहुण्यांच्या पंगती बसतात. ज्या वाडीत ती राबली त्या वाडीच्या तुकड्यावर इमारत उभी राहिली, त्या पैशात तिच्या गोळीचा हिस्सा कोणी धरला होता काय? मुलाला आम्ही एकट्याला दोषी धरीत नाही. त्याच्या मानेवर हप्त्यांचे जू खरोखरच आहे, आणि त्याला डब्यातले ठाऊकही नव्हते. २००७ च्या कायद्याने आईबापांच्या निर्वाहात औषधोपचार धरले आहेत, पण डबा उघडून पाहण्याची सक्ती कोणताही कायदा करू शकत नाही.

एकट्याने न पेलणारे ओझे एकत्र उचलण्याची रीत आपल्याला नवी नाही. १९१८ साली, हातात फारसे काही नसताना, आपल्या पूर्वजांनी वसईत कॅथलिक सहकारी पतपेढी काढली. तीच आजची बॅसीन कॅथलिक बँक. बंगलीचे कार्डिनल ग्रेशस रुग्णालय याच भूमीत उभे राहिले. मग प्रत्येक धर्मग्रामात औषधांचा एक सामायिक निधी का असू नये? समाजातील निवृत्त परिचारिका आणि औषधविक्रेते यांनी महिन्यातून एक रविवार देऊन वृद्धांच्या चिठ्ठ्या पाहाव्यात. कोणते औषध मूळ नावाने स्वस्तात मिळेल, ते डॉक्टरांना विचारून सांगावे. तरुणांनी ते आणून घरपोच द्यावे. शासनाकडे रोजच्या औषधांची मागणी करायची ती याबरोबरच. एकाच्या मोबदल्यात दुसरे नव्हे.

आजीबाईंनी मुलाला सांगू नका म्हटले होते. आम्ही बराच विचार केला आणि अखेर सांगितले. तो काही वेळ बोललाच नाही. मग आत गेला, डबा घेऊन आला आणि तोडलेल्या गोळ्या तळहातावर घेऊन मोजू लागला. मोजता मोजता त्याचे डोळे भरून आले. पुढच्या पहिल्या शुक्रवारी डब्यातल्या गोळ्या सबंध होत्या. आजीबाई मात्र आमच्यावर थोड्या रागावल्या होत्या. तो राग आम्ही आनंदाने सोसला.

वाचकहो, आज घरी जेवणे आटोपल्यावर आपल्या आईच्या उशाशी असलेला डबा एकदा उघडून पाहा.